‘बस्किन’ उलगडून दाखवल्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

इंग्रज कवी मिल्टनच्या ‘इल पेन्सेरोसो’ या कवितेचा अनुवाद करताना ‘बस्किन्ड’ या एका विशेषणापाशी मी कितीतरी दिवस अडून बसलो होतो. बस्किन म्हणजे पोटरीपर्यंत येणारे जुन्या धाटणीचे बूट, एवढे शब्दकोशाने सांगितले होते. पण कवी रंगमंचाला ते विशेषण का लावतो, हे उमगत नव्हते. आपण सगळे काम बाजूला ठेवून ते उलगडून दाखवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

ग्रीकांचा ‘कोथोर्नोस’ हा मुळात मऊ, कोणत्याही पायात चालणारा बूट होता आणि म्हणूनच पक्ष बदलणाऱ्या थेरामेनीस या अथेन्सच्या पुढाऱ्याला विरोधकांनी तेच टोपणनाव दिले होते, हे आपल्याकडूनच प्रथम ऐकले. पुढे त्याचे तळ जाड आणि उंच झाले, तो शोकांतिकेतल्या नटाची खूण ठरला आणि विनोदी नटाच्या वाट्याला ‘सॉक’ ही पातळ सपाता आली. 1623 च्या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहातील गौरवकवितेत बेन जॉन्सनने ही दोन्ही पादत्राणे शेजारी शेजारी ठेवली आहेत. आपल्याकडे ‘पायात चाळ बांधले’ म्हटले की माणूस तमाशात गेला हे वेगळे सांगावे लागत नाही, तसेच हे, असे आपण म्हणालात आणि माझी अडचण तिथेच सुटली.

त्याहून मोलाची ठरली ती आपली सावधगिरीची सूचना. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणी टायटानिया हिपोलिटा या वीरांगनेला ‘बस्किन्ड’ म्हणते, तेव्हा तिथे शोकांतिकेचा संबंध नसून रानात शिकार करणाऱ्या वीरांगनेचे खरेखुरे बूट अभिप्रेत आहेत. त्यामुळे शब्दाआधी तो बूट कोणाच्या पायात आहे ते पाहावे, असे आपण बजावलेत. मिल्टनच्या कवितेत काही ओळी आधीच शोकांतिका राजवस्त्रे नेसून अवतरते, हे मी त्यानंतरच नीट वाचले.

आता ती ओळ ‘ज्याने शोकनाट्याच्या रंगमंचाची थोरवी वाढवली’ अशी केली आहे. बूट मराठीत हरवले, याची रुखरुख मात्र आहे. पुढच्या आठवड्यात वही घेऊन येतो; ते परत आणता येतील का, हे आपणच पाहावे.

आपला विद्यार्थी