३ ऑगस्टची मासिक बैठक : क्लिफर्ड सिमॅक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, विज्ञानकथेला शेतशिवारात आणून बसविणारे अमेरिकन लेखक क्लिफर्ड सिमॅक (१९०४–१९८८) यांच्या जन्मदिनी, ३ ऑगस्ट रोजी, सायंकाळी ५.३० वाजता वाचनालयाच्या वरच्या दालनात आपली बैठक होईल. वृत्तपत्रातील नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या सिमॅक यांची, १९६४ चा ह्यूगो पुरस्कार मिळालेली ‘वे स्टेशन’ ही कादंबरी चर्चेसाठी निवडली आहे. तिचा नायक, अमेरिकी यादवी युद्धातून परतलेला एनॉक वॉलेस, विस्कॉन्सिनमधील आपल्या घरात परग्रहवासी प्रवाशांचा थांबा एकट्याने सांभाळतो.

• कादंबरी पूर्ण वाचूनच यावे. आरंभ संथ वाटला तरी सोडू नये, कारण तो संथपणाच सिमॅक यांचे बलस्थान आहे.
• वाचनालयात प्रत एकच असल्याने ती चार दिवसांत परत करावी.