बाबांचे साठ टक्के

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, आधी एवढं वाच: मी ठणठणीत आहे. मध्ये जरा धडधड होत होती म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल आला. चहा कमी करा म्हणाले. बघू.

पत्र खरं तर बाबांसाठी आहे. बाबा, तुमच्या रिपोर्टवर ‘ई.एफ. ६०%’ आल्यापासून तुम्ही आल्यागेल्याला ‘माझं चाळीस टक्के हृदय गेलं’ म्हणून सांगता. माझं ६२ आलंय! म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलंच. डावा खालचा कप्पा भरला की त्यातलं जेवढं रक्त एका ठोक्याला बाहेर जातं, त्याचा हा आकडा. थोडं मागे उरतंच, शंभर कुणाचंच नसतं. ५५ ते ७० म्हणजे छान.

आणि मशीन कुठलं म्हणाल? वागळे इस्टेटमध्ये तुम्ही ज्या मशीननं वेल्डिंग तपासायचात ना, त्याचंच भावंड. दोन्ही मशीनं ऐकू न येणारा आवाज आत सोडून त्याचे पडसाद टिपतात. तुम्ही प्लेटला ग्रीस फासून प्रोब फिरवायचात, इथे छातीला गार जेल. कारण तेच, मध्ये हवा राहिली तर आवाज आत जात नाही. स्वीडनच्या हर्ट्झ या शास्त्रज्ञानं तर मालम्योच्या गोदीतलं धातूतले दोष शोधायचं यंत्र स्वतःच्याच छातीला लावून पाहिलं होतं. पुढे १९५३ मध्ये एडलर या डॉक्टरांबरोबर त्यानं हृदयाचे पडसाद नोंदवले. वेल्डिंगवाल्यांचं हत्यार डॉक्टरांनी नेलं म्हणा की!

मला डाव्या कुशीवर झोपवून पडदा माझ्याकडे वळवला. हृदय उलटं दिसतं, टोक वर आणि झडपा खाली. डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेची दोन पातळ पानं सारखी उघडत होती, मिटत होती. श्वास रोखायला सांगितला, मी रोखला. त्यांचं आपलं चालूच. इतकी वर्षं न विचारता चाललंय हे, मला जरा ओशाळल्यासारखंच झालं. मग लाल-निळे रंग उमटले. निळं म्हणजे अशुद्ध रक्त असं मला वाटलं होतं, पण तसं नाही. प्रोबकडे येतं ते लाल, लांब जातं ते निळं.

तेव्हा बाबा, स्वतः पास केलेल्या जॉबवर जसा विश्वास ठेवायचात तसा या रिपोर्टवरही ठेवा. तुमच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. आई, संध्याकाळी विहिरीवर पंप लावायला तू जाऊ नकोस, यांना पाठव. आणि चतुर्थीला दोघंही इकडे या, लिफ्ट बंद असते हे सांगून ठेवते.

तुमची,
मनू