आबांची गाडी परत मिळवून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गर्दी होती, आबा काउंटरला टेकून उभे होते, आणि मला धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

आबांनी ३१ वर्षं एसटी चालवली. कऱ्हाडहून चिपळूणला जाणारी गाडी त्यांच्याकडे कित्येक वर्षं होती. कुंभार्ली घाटातलं कुठलं वळण कोणत्या गिअरवर घ्यायचं, हे ते आजही झोपेत सांगतील. निवृत्तीनंतर चक्कर येऊ लागली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्यानंतरचे सहा महिने आमच्या घरात कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मग मी त्यांना लॅपटॉपवर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ घेऊन दिला. हा खेळ २०१२ साली प्राग शहरातल्या एका कंपनीने काढला. युरोपातले रस्ते, मालाची ने-आण, डिझेल, दंड, विश्रांतीची वेळ, सगळं त्यात आहे. आबांनी मुद्दाम ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गॅरेज घेतलं, कारण तिथं डोंगर आहेत. रोज सकाळी चहा झाला की ते ‘ड्युटी’वर बसत. तीन वर्षांत दीड लाखांहून जास्त किलोमीटर झाले होते.

आणि एके दिवशी लॅपटॉपमधून टक् टक् आवाज यायला लागला, आणि विंडोज सुरूच होईना. आधी ज्यांच्याकडे नेला त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं, ‘फॉरमॅट मारू. गेम काय, परत डाउनलोड होतो.’

ते चूक नव्हतंच. गेम विकत घेतलेला, खात्यावर नोंदलेला, कधीही पुन्हा फुकट उतरवता येतो. पण आबांचे दीड लाख किलोमीटर कुठून उतरवायचे?

दादा, तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात तो नेमका हाच. ‘ताई, प्रोफाइल बनवताना क्लाउडची खूण केली होती का?’ केली असती तर आबांच्या खेळाची प्रत इंटरनेटवरही राहिली असती. केली नव्हती. म्हणजे आबांची सगळी कमाई त्या मरायला टेकलेल्या डिस्कवरच होती. गेम जिथून घेतला त्या स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात बॅकअपची सोय आहे, पण ती गेमच्या फाइलींची. असे सेव्ह, म्हणजे खेळणाऱ्याने केलेली कमाई, त्यात येत नाहीत, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. डिस्क काढून तुम्ही तुमच्या मशीनला जोडलीत आणि मोठ्या गेमला हातही लावला नाहीत. ‘डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. जे परत मिळणार नाही ते आधी काढू,’ म्हणालात. डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये ‘प्रोफाइल्स’ उघडलं, तर आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे दोन फोल्डर. एक आबांचा, एक माझ्या भाच्याचा. कोणता कुणाचा?

एका फोल्डरचं नाव तुम्ही बिलबुकाच्या पाठीवर तोडून लिहिलंत: ४१, ४२, ४१. संगणकाच्या सोळाच्या (हेक्स) हिशेबात इंग्रजी कॅपिटल ‘ए’ म्हणजे ४१, ‘बी’ म्हणजे ४२. ए-बी-ए. आबा! तो कागद मी घरी आणला आहे, देवघराच्या फळीवर ठेवला आहे.

आधी तो फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घेतलात, मगच मोठ्या फाइलींना हात घातलात. आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचं, रोजचे दीड जीबी. तीस जीबीचा गेम नकाशांसकट उतरवायला वीस दिवस तरी गेले असते. म्हणून तुम्ही ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’मधला गेमचा पूर्ण फोल्डर घेतलात, आणि गेम बसवलेला आहे हे स्टीमला सांगणारी, बाहेरची ती एसीएफ नावाची छोटी फाइलही. काही फाइली वाचल्याच गेल्या नाहीत, त्या सोडून पुढे गेलात. नव्या एसएसडीवर, म्हणजे लॅपटॉपच्या नव्या डिस्कवर, सगळं जागच्या जागी ठेवून गेमच्या फाइली तपासायला लावल्यात, तेव्हा स्टीमने आहे ते मोजून घेतलं आणि नव्हतं तेवढंच खाली उतरवलं. सव्वा जीबी! आणि नकाशे पूर्ण झाल्याशिवाय प्रोफाइल उघडू दिलं नाहीत. एखादा नकाशा नसताना सेव्ह उघडला तर गाडी भलतीकडेच सापडायची, म्हणालात.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. काम झालं म्हणून तुम्ही लॅपटॉप माझ्या हातात दिला नाहीत. ‘आबांना घेऊन या, त्यांनी बघितल्याशिवाय जुनी डिस्क मी टाकणार नाही,’ असं सांगितलंत. आबा आले, स्टूलवर बसले, चष्मा पुसला. गाडी उघडली. त्यांनी आधी आरसे बघितले, मग किलोमीटरचा आकडा, मग स्टीअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे करून पाहिलं. त्याची सेटिंगही त्याच फोल्डरमध्ये होती, जशीच्या तशी आली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लावली होती तिथंच उभी आहे.’

तुम्ही पैसे घेतलेत ते एसएसडीचे आणि विंडोज टाकण्याचे. फोल्डर शोधण्यात घालवलेल्या तीन तासांचे घेतले नाहीत. ‘माझे वडीलपण ड्रायव्हर,’ एवढंच बोललात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेते, नाव देताना तारीख टाकते, आणि जुनी प्रत लगेच पुसत नाही. मी विसरले तर आबाच आठवण करतात, ‘लॉगशीट भरलीस का गं?’

रविवारी दुकान बंद असतं ना? घरी या. आबांनी सांगितलंय, इन्सब्रुकहून खाली उतरणारा रस्ता तुम्हाला त्यांच्या शेजारी बसून दाखवायचा आहे, आणि चहा आईच्या हातचा.

आपली,
आबांची लेक