हिरवं म्हणतात, पण होतं काळं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझं ते ग्रीन सॉल्व्हंट हिरव्या रंगाचं असतं का गं?" मी हसले आणि विषय बदलला. मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. इतकी वर्षं तुम्ही लोकांना "मुलगी संशोधन करते" एवढंच सांगत आलात, कारण मीच कधी धड सांगितलं नाही. आता लिहितेय, मुद्दाम मोठ्या अक्षरांत. आई, बाबांचा डोळा पूर्ण बरा होईपर्यंत तूच वाचून दाखव.

तर बाबा, ते हिरवं नसतं. सॉल्व्हंट म्हणजे द्रावक, दुसऱ्या वस्तू विरघळवणारा द्रव; आणि ग्रीन म्हणतात ते पर्यावरणाला कमी त्रास देणारं म्हणून. पाण्यासारखं, जरा घट्टसर. गव्हाचं काड टाकून तापवलं की आधी चहासारखं होतं आणि काही तासांत काळंकुट्ट. तो काळेपणा म्हणजेच माझं काम.

काडात काय किंवा लाकडात काय, मुख्य वस्तू तीन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेच्याच आखूड साखळ्या, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते बऱ्याच अंशी या लिग्निनमुळे. साखळ्या तोडून साखर काढायची, तिच्यापासून इंधन करायचं, तर आधी लिग्निन बाजूला व्हायला हवं. कागद कारखाने हे शंभराहून जास्त वर्षं करतायत. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये लाकूड शिजवतात. त्या गंधकामुळे वास सुटतो, आणि सुटलेलं लिग्निन बहुतेक जाळून टाकतात.

आता गंमत. कोलीन क्लोराइड ही पांढरी पूड 302 अंश सेल्सिअसला वितळते. युरिया 133 अंशांना. रेणूंच्या हिशेबात एकाला दोन या प्रमाणात दोन्ही एकत्र केले, की ते मिश्रण 12 अंशांनाच वितळतं! म्हणजे दोन कोरड्या पुडी घ्यायच्या, थोडं तापवून ढवळत राहायचं, आणि पाण्याचा थेंबही न घालता समोर द्रव तयार. माझं ग्रीन सॉल्व्हंट याच जातीचं. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने हे 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. मी पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा चमचा बुडवून बुडवून पाहत होते, लहान मुलीसारखी.

लिग्निन विरघळवायला मात्र युरिया फारसा उपयोगी नाही. तिथे मी कोलीन क्लोराइडबरोबर लॅक्टिक आम्ल घेते. आई, तू विचारणारच, म्हणून सांगते: कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात आणि लॅक्टिक आम्ल दह्यात असतं. तरी हातमोजे घालते. गरम आम्ल ते शेवटी आम्लच.

काड शिजलं की गाळायचं. वर राहतो तो सेल्युलोजचा फिकट चोथा. खालच्या काळ्या द्रावात पाणी ओतलं की एकदम तपकिरी ढग उठतात आणि हळूहळू तळाशी बसतात. ते लिग्निन. हा क्षण मला अजूनही आवडतो.

गेल्या महिन्यात घाई नडली. लवकर उरकावं म्हणून तापमान वाढवलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चंचुपात्राला डांबरासारखा थर. फार तापलं की लिग्निनचे सुटे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि मग ते कशातच विरघळत नाहीत. दोन दिवस खरवडत बसले होते.

पण खरी डोकेदुखी त्याच्या पुढे आहे, आणि "हिरवं" या शब्दावर माझा राग आहे तो तिथेच. लिग्निन काढायला ओतलेलं पाणी आता उडवायचं, तरच द्रावक परत वापरता येतं. पाणी शून्य अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त ते वाफ करायला लागते. ही ऊर्जा कोण मोजणार? शिवाय पुन्हा पुन्हा तापवताना लॅक्टिक आम्ल आणि कोलीन यांचंच आपसात जुळतं, एस्टर नावाचं वेगळंच संयुग तयार होतं, आणि द्रावक आतून बदलत जातं. माझं पाचव्या फेरीतलं द्रावक पहिल्यासारखं काम करत नव्हतं. शोधनिबंधांत पहिल्या फेरीचे आकडे ठळक असतात. आम्ही सगळेच तसं लिहितो, मीसुद्धा लिहिलंय.

परत मिळवणं अशक्य आहे असं मात्र नाही. बाबा, मी पाठवलेला तो मऊ शर्ट लायोसेलचा आहे. लाकडाचा लगदा एनएमएमओ नावाच्या द्रावकात विरघळवून त्याचे धागे काढतात, आणि तिथे 99 टक्क्यांहून जास्त द्रावक परत मिळवतात. अर्थात तिथे लिग्निन आधीच काढलेलं असतं. माझ्यासारखा काळा चिखल त्यांच्या वाट्याला येत नाही.

सध्या कमी तापमानावर, वेळ वाढवून सहावी फेरी चालू आहे. शुक्रवारी कळेल. रविवारी फोन करते, तोवर डोळ्यात थेंब वेळेवर घाला. आणि आई, त्या शर्टाच्या आतल्या पट्टीवर लायोसेल किती टक्के लिहिलंय ते बघून ठेव. मला आठवत नाहीये.

तुमची,
धाकटी