टेबल फॅन माझ्याकडे वळवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, आणि त्या ओपीडीच्या गर्दीत मी तुम्हाला आठवत असेन असंही नाही. मे महिन्यात आलो होतो, आत आल्यावरही टोपी न काढलेला तो माणूस.

माझा त्रास सांगायचीच मला लाज वाटते कारण ऐकणारा आधी हसतो. चेहरा लाल होतो, हा काय आजार आहे का? पण लिफ्टमध्ये साहेब भेटले, मीटिंगमध्ये कोणी नाव घेतलं, इतकंच काय वाण्याकडे सुटे मागायचे झाले तरी मानेपासून कानापर्यंत भडका उडतो आणि हात मात्र बर्फासारखे गार. त्यात मी गोरा, लपत काहीच नाही. शाळेत लाल डबा म्हणायचे, ऑफिसात 'सिग्नल लागला रे' म्हणतात. टीम लीडर व्हायला दोनदा नाही म्हटलं ते याच्यामुळे, घरच्यांना सांगितलं कामाचा लोड नको. मला उन्हाळा आवडायचा, कारण लोकलमधून उतरताना सगळेच लाल असतात.

सहावीत सहलीची वर्गणी हरवली होती. बाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि माझा चेहरा पेटला. "चोराच्या मनात चांदणं," बाई म्हणाल्या, माझं दप्तर सगळ्यांसमोर उलटं केलं. पैसे दोन दिवसांनी त्यांच्याच हजेरीपटात सापडले. सॉरी वगैरे काही नाही, उलट म्हणाल्या मग लाल कशाला झालास?

मोठेपणी एकाने क्रीम दिलं, आठशे रुपयांचं. दुसऱ्याने पाच मिनिटांत ऑपरेशनच सुचवलं, काखेखालून दुर्बीण घालून छातीतली नस कापायची, संपला विषय. त्यानंतर पाठीला, पोटाला, मांड्यांना कायमचा भरमसाट घाम सुटू शकतो आणि कापलेली नस परत जुळवता येईलच असं नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. मुंबईच्या दमट हवेत, सव्वाआठच्या लोकलमध्ये! तो गृहस्थ तारीख द्यायला निघाला होता.

तर तुमची खोली. दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, मी बोलायला तोंड उघडलं आणि झालंच, पार टोमॅटो. मी वाट बघत होतो आता काहीतरी म्हणतील, निदान 'रिलॅक्स' तरी. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. लिहिता लिहिता डाव्या हाताने टेबल फॅन माझ्याकडे वळवलात आणि तो फिरू नये म्हणून मागची खुंटी वर ओढलीत. मान वर न करता. तुमच्या स्वतःच्या कपाळावर घाम होता, मी पाहिला. मग त्या दोघांना बाहेरून कसलेतरी कागद आणायला पाठवलंत, कागद आलेच नाहीत. मॅडम, चौतीस वर्षांत माझा चेहरा पाहून त्यावर न बोललेल्या तुम्ही पहिल्या.

बाकी सगळं नंतरचं. त्वचेचा आजार नाही ना, रोझेशिया वगैरे, ते तुम्ही आधीच तपासलंत. चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या दाट आणि अगदी कातडीलगत असतात, आणि ज्या नसा भीतीने हात गार पाडतात त्याच इथे रक्त वाढवतात, आपल्या हुकमात नसतं. डार्विनने १८७२ साली आख्खं प्रकरण लिहिलंय यावर, आणि दुसरे आपल्याकडे बघतायत हा विचारच चेहरा लाल करतो असं म्हटलंय, हेही तुम्हीच सांगितलंत. लाल होईन या धाकाने मी सतत स्वतःवरच पहारा देत होतो आणि त्या पहाऱ्यानेच लाल होत होतो. सावळ्या माणसांचाही चेहरा असाच तापतो, फक्त सहज दिसत नाही. घरी जाऊन बहिणीला विचारलं तर म्हणाली, "अरे माझे कान जळतात, तुला काय वाटलं?" एका घरात वाढलो आणि पत्ता नाही!

आणि तुम्ही म्हणालात, "आता मुद्दाम लाल होऊन दाखवा." दोन मिनिटं जोर लावला, काही होईना, हसूच आलं.

आता समोरच्याचं बोलणं नीट ऐकायची प्रॅक्टिस करतोय, आपलं तोंड सोडून बाहेर लक्ष. परवा मीटिंगमध्ये लाल झालो तरी बोललो, आवाज थोडा कापला, कोणी काही बोललं नाही. नाही म्हटलं तरी या शहरात लोक लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देतातच की, न सांगता थोडं सरकतात, वर बघतही नाहीत. तुम्ही त्यातल्याच.

एक राहिलं, तो फॅन भयंकर खडखडतो. पुढच्या महिन्यात फॉलोअपला येतो तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणतो, घरी आईची पडून आहे.

तुमचा,
मुलुंडचा लाल डबा