पहिल्यासारखं का काढत नाही, ते सांगते

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "इंटरमिजिएटच्या वेळी किती हुबेहूब काढायचीस गं, आता असं काय?" तेव्हा चित्रं छापायच्या प्रेसवर माझा नंबर लागला होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

हुबेहूब काढणारा हात आहे तसाच आहे. पण तसं चित्र कुणीही काढलं तरी तेच दिसेल, हे बडोद्याला आल्यापासून सलायला लागलं.

सध्या एचिंग करते, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून, त्यात शाई भरून ते कागदावर छापायचं. झिंकच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा पाणी मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. जिथं मेण निघालंय तिथंच ॲसिड लागतं. रेघांवर बारीक बुडबुडे धरतात, ते पिसानं हलकेच सारत उभं राहायचं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल जाते आणि छापल्यावर काळीभोर उठते, लवकर काढलं तर फिकी. शिवाय कागदावर सगळं उलटं येतं, डावीकडचं उजवीकडे. कागद उचलेपर्यंत आपलंच चित्र आपल्याला पुरतं माहीत नसतं. त्या क्षणासाठी मी दिवसभर उभी राहू शकते.

विषय आपलाच, जाळ्यांवर द्राक्षं वाळवायची बेदाण्याची शेड. सुरुवातीला क्रेट, पत्रे, बायका, सगळंच काढत होते. मग एकेक गाळत गेले. आता उरल्यात जाळ्यांच्या एकाखाली एक आडव्या रेघा आणि त्यांच्यामधून वाकलेला एक खांदा. आई, तो तुझा आहे. चेहरा नाही, तरी तू ओळखशील याची मला खात्री आहे.

बाबा, स्वतःची शैली कधी सापडणार असं तुम्ही विचारता. आमच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत 1950 पासून चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवायचे, इंदूरचा मराठी माणूस. गुलाममोहम्मद शेख आणि ज्योती भट्ट हे नावाजलेले चित्रकार दोघंही इथंच शिकले. त्यांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच ठिकाणची वाटत नाहीत, आणि बेंद्रे यांच्यासारखी तर नाहीतच. मला हा त्या शिक्षकाचा मोठेपणा वाटतो. ज्योती भट्टांच्या छापांमधली अक्षरं आणि नक्षी मध्यंतरी माझ्या प्लेटवरही उतरायची. ती मी उतरू दिली. त्यातलं जे माझं नव्हतं ते आपोआप गळलं, रेघ कुठे थांबवायची ती समज मात्र राहिली.

एप्रिल छाटणीनंतर द्राक्षाची बाग उघडीबोडकी दिसते, पण पुढच्या हंगामाचे घड त्याच दिवसांत काडीत धरतात, हे तुम्हीच मला दाखवलंत. माझं तसं चाललंय. हंगामाची तारीख मात्र विचारू नका.

एक काम आहे. शेडमधल्या जुन्या जाळीचा हातभर तुकडा पाठवा, उसवलेला, गाठी मारलेला असेल तर उत्तमच. मऊ मेणावर ती दाबली की तिचा ठसा उठतो आणि ॲसिड तो जसाच्या तसा पत्र्यात कोरतं. इथल्या बाजारातल्या जाळीची वीण वेगळी आहे, ती चालत नाही. धुवायच्या भानगडीत पडू नका. पार्सलवर माझा फोन नंबर तेवढा ठळक लिहा.

तुमची लेक