केसकरांवरील आरोप अर्धाच खरा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या रेडिओविषयीच्या लेखात ‘केसकरांनी चित्रपटगीतांवर बंदी घातली’ असे एका वाक्यात म्हटले आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि चित्रपटसंगीताविषयीची त्यांची नापसंती सर्वश्रुत होती, हे खरेच. परंतु घडले ते असे, की गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात आहे, असे मानून आकाशवाणीने ते सांगणे थांबवले, चिडलेल्या निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि पुढे तडजोडीची घाई कोणालाच झाली नाही. परिणाम बंदीसारखाच झाला, पण दोष एकट्या मंत्र्याचा नव्हता.

श्रोते मात्र थांबले नाहीत. त्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावले. मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून प्रसारित होणारी अमीन सायानी यांची चित्रपटगीतांची ‘गीतमाला’ डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाली, आणि पुढे आमच्या वाड्यातही बुधवारी रात्री आठनंतर कोणी कोणाकडे जात नसे. गाण्याच्या क्रमांकासाठी सायानी वापरत तो ‘पायदान’ हा शब्द आम्ही शाळेच्या निकालापर्यंत नेला होता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला चित्रपटगीते वाजवणारी ‘विविध भारती’ ही आकाशवाणीची सेवा सुरू करावी लागली. यात केसकरांचा पराभव दिसतो आणि तो होताही.

लेखकाने मात्र येथेच हात आखडता घेतला. चित्रपटगीतांची जागा भरण्यासाठी आकाशवाणीने याच वर्षांत कवी, संगीतकार आणि गायक यांच्याकडून स्वतःची गाणी बसवून घेण्यावर भर दिला. मराठी भावगीत त्याआधीच ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले होते, त्यामुळे त्याचा जन्म रेडिओत झाला असे मी म्हणणार नाही. तरीही १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते सादर करून घेतली, ती रेडिओला स्वतःचे संगीत हवे होते म्हणूनच. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते; पुढे ध्वनिमुद्रिकांमुळे बहुतेकांच्या कानांत एकट्या बाबूजींचाच, म्हणजे सुधीर फडके यांचाच, आवाज राहिला. माझ्या आईला हे कधीच पटले नाही. सीता माणिकबाईंच्याच आवाजात बोलते, असे ती अखेरपर्यंत सांगत असे.

आमच्या घरातील त्याच एका रेडिओवर सकाळी पुणे केंद्र लागे आणि बुधवारी रात्री काटा कोलंबोकडे सरके. वडील केसकरांना नावे ठेवत काटा फिरवत, आणि सुगम संगीताची वेळ झाली की पुन्हा पुण्याला आणून ठेवत.

— एक ज्येष्ठ श्रोता, पुणे